ठाणे–नवी मुंबईहून चढाचे रस्ते: चार सायकली, चार तऱ्हेची तयारी

कोलशेतकर

नमस्कार मंडळी,

पाऊस थांबला की रविवारी सकाळी सपाटीऐवजी चढ-उताराच्या रस्त्यावर सायकली काढायच्या आहेत. अडचण अशी की आम्ही चौघं आहोत आणि चौघांची तयारी वेगळी आहे.

बाबा, वय ५९. हायब्रिड सायकल, पुढे ४८/३८/२८, मागे सात गिअर १४–२८ (हे सगळे आकडे चक्रांच्या दातांचे). सपाटीवर ३० कि.मी. आरामात करतात. रक्तदाबाची गोळी चालू आहे, सायकलला डॉक्टरांची हरकत नाही.

बायको, तशीच हायब्रिड. ४० कि.मी. होतात, येऊरचा चढ न उतरता चढते.

मी, रोड बाइक, पुढे ५२/३६, मागे ११–२८. सपाटीवर ८०-९० कि.मी. होतात, घाट एकही केलेला नाही.

नेरुळचा धाकटा भाऊ, रोड बाइक, ५०/३४ आणि ११–३२. खोपोली–लोणावळ्याचा बोर घाट त्याच्या सवयीचा आहे.

ठाण्यातून किंवा नवी मुंबईतून, कुठूनही निघायला चालेल. दुपारी बाराच्या आत घरी यायचं आहे. कोणते रस्ते, कोणत्या क्रमाने घ्यावेत? चौघांनी एकत्र निघावं आणि तरी कुणी रखडू नये किंवा कुणाची दमछाक होऊ नये, अशी काही सोय आहे का? आणि माझ्या गिअरवर घाट होईल का, की आधी कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बदलू?

---

पनवेल_फाटा

‘सोपे, मध्यम, अवघड’ अशी यादी तुमच्या कामाची नाही, कारण तुम्हाला एकत्र निघायचंय. तुम्हाला हवा एक रस्ता ज्याला चार टोकं आहेत. सगळे एकाच ठिकाणाहून सुटतील, ज्याचं टोक आलं तो थांबेल किंवा वळेल, आणि परतीला सगळे एकाच स्टेशनवर किंवा एकाच नाक्यावर भेटतील. आपल्याकडे असे रस्ते आहेत, कारण कर्जत आणि कसाऱ्याच्या लोकल डोंगराच्या पायथ्यापर्यंत जातात.

आधी मोजमाप. चढाचे कि.मी. मोजू नका, उंचीचे मीटर मोजा. नव्याने चढाकडे वळलेला माणूस तासाला ३०० ते ४०० मीटर उंची चढतो, सराव असलेला ६०० च्या आसपास. त्यामुळे कुठल्याही चढाला बाबांना किती वेळ लागेल ते काढायचं असेल तर उंचीला ३५० ने भागा. खोपोली ते लोणावळा साधारण साडेपाचशे मीटर, म्हणजे दीड तासाच्या वर. नेरळ ते माथेरानचा दस्तुरी नाका साधारण सातशे मीटर, म्हणजे दोन तास सलग चढ. नकाशावर हा दुसरा रस्ता जेमतेम सात-आठ कि.मी.चा दिसतो आणि लोक तिथेच फसतात.

पहिली पायरी घराजवळचीच. ठाण्याला येऊर. उपवनच्या वरच्या वनखात्याच्या नाक्यापासून वरच्या सपाटीपर्यंत दोन-अडीच कि.मी.चा चढ आहे आणि वळणं तीव्र आहेत. तिथे एकदा वर जाऊन घरी येण्यापेक्षा खाली उतरून पुन्हा चढा. दुसऱ्या फेरीत कळतं की पहिल्या फेरीत जोर जास्त लावला होता का. उजाडल्याशिवाय जाऊ नका, संजय गांधी उद्यानाचं जंगल आहे, बिबट्याचा वावर असतो. जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या आसपास होतो, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत सातच्या आधी तिथे पोचण्यात अर्थ नाही. उलट आठनंतर बंगल्यांकडे आणि हॉटेलांकडे जाणाऱ्या गाड्या सुरू होतात. त्यामधला तासभर तुमचा. वर हवाई दलाचं ठाणं आहे, त्या बाजूला फोटो काढू नका.

नवी मुंबईच्या बाजूला हेच काम बेलापूरची पारसिक टेकडी करते. वाशीहून पाम बीचने बेलापूरपर्यंत नऊ-दहा कि.मी. सपाट आहे, त्यात पाय मोकळे होतात आणि मग छोटा पण चांगलाच उभा चढ लागतो. वस्तीतला रस्ता आहे, उतरताना वेग आवरा. त्यापुढची पायरी खारघरची टेकडी, चाफेवाडी-फणसवाडीकडे जाणारा रस्ता. हा चढ सलग आहे, मध्ये दम खायला सपाटी फारशी नाही. आलात त्याच रस्त्याने उतरायचं, त्यामुळे कुणी मध्येच वळलं तरी चुकामूक होत नाही. पावसाळ्यात तिथे प्रवेशावर बंधनं येतात आणि वळणांवर खडी वाहून आलेली असते.

दुसरी पायरी लांब पण हलक्या चढ-उतारांची. माझी पहिली शिफारस पनवेल–नेरे–मालडुंगे–धोदाणी. गाढी नदीच्या खोऱ्यातून हा रस्ता माथेरानच्या पश्चिम कड्याखाली जाऊन संपतो. पनवेलहून जाऊन-येऊन चाळीस कि.मी.च्या आतबाहेर. पुढे रस्ता नसल्यामुळे आरपार वाहतूक नाही, ट्रक जवळजवळ नाहीत, आणि नवशिक्याला याचा फायदा चढापेक्षाही मोठा आहे. बाबा नेऱ्याच्या थोडं पुढे जाऊन वळू शकतात, बायको गाढेश्वर धरणापर्यंत, तुम्ही आणि भाऊ धोदाणीपर्यंत. गावोगावी गतिरोधक आहेत, त्यांना रंग असेलच असं नाही. झाडाच्या सावलीत ते दिसत नाहीत.

आणि सगळ्यात सोयीचा म्हणजे बदलापूर–वांगणी–नेरळ–कर्जत. रेल्वेने बदलापूर ते कर्जत ३२ कि.मी. आहे, रस्त्याने थोडं जास्त. वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत अशी स्टेशनं बाजूने येतच राहतात. कुणी थकलं, पंक्चर झालं, उन्हाचा त्रास झाला, तर पुढच्या स्टेशनवर लोकल. ठाण्याहून बदलापूरपर्यंत सायकल मारू नका. कल्याण-उल्हासनगरची गर्दी आणि रस्त्यांची कामं यात सकाळचा सगळा चांगला वेळ जातो.

या रस्त्यावर चार टोकं अशी पडतात. बदलापूरहून चौघं एकत्र. नेरळला बाबा चहाला थांबतील, तुमची बायको माथेरान रस्त्याचा पहिला दीड-दोन कि.मी.चा तुकडा चढून खाली येईल, तुम्ही अर्धा, भाऊ दस्तुरीपर्यंत. वळायची वेळ ठरवून घ्या, जागा नाही. साडेनऊ वाजले की जिथे असाल तिथून खाली. मग सगळे मिळून कर्जतला किंवा नेरळहूनच गाडी.

कर्जतचा वडा शेवटी खा. चढाच्या पायथ्याशी तेलकट पोटभर खाल्लं की रक्त पोटाकडे आणि पाय रिकामे. चढाआधी पाऊण तास एक केळं, पुढे दर अर्ध्या-पाऊण तासाला काहीतरी छोटं, राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की. तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट पदार्थ लागतात, मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे थंडीतही हे कमी करू नका.

तिसरी पायरी बोर घाट. पनवेल–पळस्पे–शेडुंग–चौक–खोपोली असा जुना मुंबई–पुणे रस्ता घ्यायचा. कळंबोलीहून सुटणाऱ्या द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, चुकूनही त्या कमानीखाली शिरू नका. वर शिंग्रोबाच्या देवळाजवळ लक्ष ठेवा. पुष्कळ चालक तिथे नाणं टाकायला गाडी एकदम हळू करतात, आणि मागून चढणारा सायकलवाला नेमका मान खाली घालून असतो. त्याच्यापुढे दुचाक्या जिकडे वळतात तिकडेच वळायचं, द्रुतगती मार्गाच्या पाटीकडे नाही.

टाळण्याचे रस्ते: घोडबंदरचा गायमुख घाट (चढ लहान, पण ट्रक, खड्डे आणि कामं), मुंब्रा बायपास, शिळफाटा. चढाच्या दृष्टीने बरे असले तरी त्या गर्दीत बाबांना नेऊ नका.

---

गिअरमिस्त्री

गिअरचं उत्तर देतो. तुमच्या चौघांत चढासाठी सगळ्यात जड गिअर तुमचाच आहे, बाबांचा नाही.

सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेरीला सायकल किती पुढे जाते ते बघा. तुमचा ३६ पुढे, २८ मागे: गुणोत्तर १.२९, चाकाचा परीघ २.१ मीटर धरला तर एका फेरीला २.७ मीटर. बाबांचा २८ पुढे, २८ मागे: गुणोत्तर १, म्हणजे एका फेरीला जेमतेम २.१-२.२ मीटर. भावाचा ३४ पुढे, ३२ मागे: सव्वादोन मीटर. म्हणजे उभ्या चढावर बाबा पाय फिरवत राहतील आणि तुम्ही पायडलवर उभे राहून ढकलत असाल.

आकड्यात सांगायचं तर माणूस, सायकल, पाणी धरून ८५ किलो वजन आणि ९ टक्के चढ, म्हणजे नेरळ–दस्तुरीची साधारण सरासरी. तुम्ही सलग १५० वॉट देऊ शकता असं धरू, नियमित सायकल चालवणाऱ्याला ते जमतं. त्यात वेग पावणेसात कि.मी.च्या आसपास येतो. तुमच्या ३६/२८ वर त्या वेगाला मिनिटाला ४२ फेऱ्या पडतात. ३४/३४ असेल तर ५४. ४२ फेऱ्यांवर दर फेरीला गुडघ्यावर येणारा दाब जास्त, मांडीला गोळे लवकर, आणि वळणाच्या आतल्या बाजूला चढ बारा-तेरा टक्के झाला की फेऱ्या आणखी उतरून तोल जातो. ६० फेऱ्या टिकवायच्या म्हटल्या तर ३६/२८ वर तुम्हाला २१५ वॉटच्या आसपास लागतील, ३४/३४ वर १७०.

बोर घाट चढाने सौम्य आहे, तो तुमच्या आत्ताच्या गिअरवर होईल. माथेरानसाठी कॅसेट बदला. पण फक्त कॅसेट विकत आणू नका, तीन गोष्टी तपासा.

एक, मागच्या डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) पिंजरा. उदाहरणार्थ शिमानो १०५ च्या आर७००० मालिकेत आखूड पिंजऱ्याला सगळ्यात मोठं चक्र ३० दातांचं चालतं, लांब पिंजऱ्याला ३४. तुमचा मॉडेल नंबर डिरेलरच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो, तो पाहून मर्यादा बघा. आखूड पिंजऱ्यावर ३४ बसवलं तर वरची छोटी गिअरपुली कॅसेटला घासते आणि खडखडाट होतो.

दोन, चेनची लांबी. २८ वरून ३४ वर गेलात की जुनी चेन आखूड पडते. पुढे मोठी चेनरिंग (पायडलजवळचं चक्र) आणि मागे मोठं चक्र एकाच वेळी लागलं की चेन ताणून आवळते, डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकतो, वाईट नशीब असेल तर डिरेलर आऱ्यांत जातो. ही चूक दुकानातही होते. सायकल ताब्यात घ्यायच्या आधी स्टँडवर हळूच मोठं-मोठं गिअर टाकून बघा, डिरेलरच्या पिंजऱ्याला थोडी तरी लवचीक जागा उरली पाहिजे.

तीन, जुनी चेन किती ताणलीय. ११-स्पीडची चेन ०.५ टक्के वाढली की बदला, ८ ते १० स्पीडची ०.७५ टक्क्यांना. झिजलेली चेन नव्या कॅसेटवर टाकली की ती कॅसेटचे दातही लवकर झिजवते.

तुमच्या बायकोच्या आणि बाबांच्या सायकलींना एवढा खर्च नको. मागे ७-स्पीड फ्रीव्हील (स्क्रूसारखा आवळून बसणारा चक्रांचा संच) असेल तर १४–३४ चं मिळतं. शिमानोच्या टूर्नी डिरेलरच्या बऱ्याच मॉडेलांना ते चालतं, नंबर पाहून खात्री करा. चेनची लांबी तिथेही तपासायची.

गिअर बदलण्याची वेळ. चढ लागल्यावर नाही, लागायच्या आधी. येऊरचा नाका दिसला की पाय हलका ठेवून पुढची चेनरिंग लहान करा आणि त्याच वेळी मागे दोन गिअर जड करा, नाहीतर पाय एकदम हवेत फिरतात आणि वेग मरतो. जोर लावलेला असताना पुढचा गिअर पाडायला गेलं की चेन आत, फ्रेमवर पडते.

---

कोलशेतकर

पनवेल_फाटा, गिअरमिस्त्री, मनापासून आभार. माझा डिरेलर आखूड पिंजऱ्याचाच निघाला, म्हणजे ३० पर्यंतच जाता येईल.

दोन शंका. उतारावर बायकोचे हात भरून येतात, ब्रेक सतत दाबून ठेवावे लागतात. आणि पावसाळ्यात हे रस्ते पूर्ण बंद करावेत का? चौघांत रिम ब्रेकवाले (चाकाच्या कडेवर पॅड दाबणारे ब्रेक) दोन आहेत, बाबा आणि बायको.

---

ओला_रिम

हात भरून येतात याची बहुतेक वेळा दोन कारणं असतात, आणि दोन्ही घरी दुरुस्त होतात.

पहिलं, ब्रेकची मूठ तिच्या हातापासून लांब आहे. हायब्रिडच्या ब्रेक लिव्हरवर आतल्या बाजूला छोटा स्क्रू असतो, तो आत फिरवला की मूठ हँडलजवळ येते. तर्जनी आणि मधलं बोट, पहिल्या पेराच्या घडीत मूठ बसली पाहिजे. टोकांनी ओढत असेल तर हात भरणारच. मूठ जवळ आणल्यावर पॅड रिमला लागण्याआधी मूठ हँडलला टेकत नाही ना ते तपासा, टेकत असेल तर केबल ताणून घ्या.

दुसरं, सतत हलका ब्रेक. तो वेगही नीट आवरत नाही आणि रिमही तापवतो. सरळ पट्ट्यावर दोन-तीन सेकंद ठाम ब्रेक, मग पूर्ण सोडायचा, पुन्हा ठाम. वळणाच्या आधी वेग उतरवून वळणात ब्रेक सोडलेला हवा. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. घाबरून नुसता मागचा दाबला की मागचं चाक घसरतं. वजन मागे, पायडल आडवे, वळणात बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि त्यावर भार. नजर चाकासमोर नाही, वळणाच्या पलीकडे. आणि हात पूर्ण भरले तर थांबा. उतारावर थांबण्यात काही कमीपणा नाही. फक्त वळणात थांबू नका, सरळ भागात, रस्त्याच्या बाहेर थांबा.

उतरायच्या आधी पॅड बघा. रिमच्या पॅडवर खाचा असतात, त्या पुसल्या गेल्या की पॅड संपले. त्यात रुतलेले ॲल्युमिनियमचे चकाकणारे कण सुईने काढा, ते रिम कापतात आणि किंकाळीसारखा आवाज करतात. डिस्कवाल्यांनी पॅडचा थर अर्धा मिलिमीटर उरला की बदलायचा.

आता पाऊस. रस्ते पूर्ण बंद करायची गरज नाही, घाट मात्र बंद. दरड कोसळते तेव्हा तुमची तयारी किती आहे हे ती बघत नाही. खारघरच्या पांडवकड्यासारख्या धबधब्यांकडे पोलीस सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पावसात पाम बीच किंवा बदलापूर–नेरळ एवढं ठेवा.

ओल्या रिमवर ब्रेक लगेच धरत नाही, आधी पाणी पुसलं जातं आणि मग पकड येते. म्हणून वळण यायच्या बरंच आधी एकदा हलकेच पॅड टेकवून रिम पुसून घ्यायची. सावलीतल्या वळणांवर शेवाळ असतं, ते हिरवं दिसेलच असं नाही, नुसतं काळपट चकाकतं. उड्डाणपुलांचे लोखंडी सांधे आणि रंगाचे पट्टे सरळ काटकोनात ओलांडा, त्यांच्यावर असताना ब्रेकही नको आणि वळणंही नको. टायरमधली हवा कोरड्यापेक्षा पाचेक पीएसआय कमी ठेवा. ७० किलोच्या माणसाला २८ मिमी टायरवर कोरड्यात ७०–७५ असेल तर ओल्यात ६५–७०.

पंक्चर पावसाळ्यात जास्त होतात कारण ओलं रबर सहज कापलं जातं आणि पाणी खडी-काच रस्त्याच्या कडेला, म्हणजे तुमच्याच वाटेवर आणून टाकतं. महामार्गावर वेगळाच शत्रू आहे, ट्रकच्या फाटलेल्या टायरमधली केसाएवढी पोलादी तार. ती बाहेरून दिसत नाही. ट्यूब बदलताना टायरच्या आतून कापडाचा तुकडा हळूहळू फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे तार आहे. उघडं बोट फिरवू नका, कापतं. तार चिमट्याने किंवा नेलकटरने ओढून काढल्याशिवाय नवी ट्यूब टाकलीत तर दहा मिनिटांत तीही बसणार. आणि ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर ती तार नाही, हवा कमी असताना खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली आहे. त्यावर उपाय हवा वाढवणं.

प्रत्येकाकडे स्वतःच्या मापाची एक ट्यूब हवी. तुमची आणि भावाची बारीक, बाबांची जाड, व्हॉल्व्हही वेगळे असतील. ‘एकाकडे आहे ना’ यावर चौघं निघतात आणि नेमकी नको ती ट्यूब हाती येते.

---

खर्डी_लोकल

पनवेल_फाटांच्या क्रमाशी एका जागी सहमत नाही. पहिला खरा घाट म्हणून मी बोर घाटाऐवजी कसारा सुचवेन.

बोर घाट चढायच्या आधी पनवेलहून खोपोलीपर्यंत तीसेक कि.मी. झालेले असतात, पाय तिथेच अर्धे संपतात. लोणावळ्याहून परतीला लोकलही नाही. लोणावळ्याच्या लोकल पुण्याकडे जातात, मुंबईकडची लोकल खोपोली आणि कर्जतलाच संपते. म्हणजे थकल्या अंगाने घाट उतरणं आलंच. कसाऱ्याला उलट आहे. लोकल थेट पायथ्याशी सोडते, ताज्या पायांनी चढायला मिळतं, इगतपुरीपर्यंत साधारण तीनशे मीटर उंची, आणि उतरलं की समोर कसारा स्टेशन. तीनशे मीटर म्हणजे वरच्या हिशोबाने बाबांनाही तासाच्या आत. चढायला आणि उतरायला रस्ते वेगळे आहेत, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीची भीती कमी. ट्रक आहेत, पण चढावर ते तुमच्यासारखेच हळू असतात. डाव्या कडेला एका रांगेत राहा, शेजारी-शेजारी नको.

लोकलमध्ये सायकल लगेजच्या डब्यातूनच. तिकीट खिडकीवर लगेजचं तिकीट विचारून घ्या. रविवारी पहाटेची गाडी धरा, पुढचं चाक काढून सायकल उभी ठेवली तर भाजीवाल्यांना आणि दूधवाल्यांना अडचण होत नाही. ठाण्याहून पनवेलला ट्रान्स-हार्बरने जाल तेव्हाही हेच.

नकाशाच्या ॲपवर डोळे झाकून जाऊ नका. गाडीचा पर्याय लावलेला असेल तर ते तुम्हाला आमण्याहून समृद्धी महामार्गावर, कळंबोलीहून द्रुतगतीवर किंवा उरणच्या बाजूला अटल सेतूवर नेईल. तिन्हीकडे सायकलला बंदी आहे.

माळशेजबद्दल कुणी विचारेल म्हणून आधीच सांगतो. त्या रस्त्याला मुरबाडपर्यंतही रेल्वे नाही. मागे गाडी असल्याशिवाय तुमच्या गटाने नको.

---

पनवेल_फाटा

@खर्डी_लोकल, पटलं. पहिला घाट कसारा, मग बोर, माथेरान सगळ्यात शेवटी. ठाण्याहून गाडीही सोपी आहे. एकच बदल करेन: बाबांनी कसारा घाट पूर्ण चढायचं ठरवून निघू नये.

कोलशेतकर, बाबांसाठी मोजमाप घड्याळातल्या ठोक्यांवर ठेवू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा-ब्लॉकर, हृदयाचे ठोके दाबून ठेवतात. दम लागलेला असतो आणि घड्याळ ‘सोपं चाललंय’ म्हणतं. त्यापेक्षा बोलून बघा. चढावर दोन पूर्ण वाक्यं न थांबता बोलता आली तर जोर बरोबर आहे. तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर गिअर हलका करायचा, तो संपला असेल तर उतरून चालायचं. छातीवर दाब, हातात किंवा जबड्यात कळ, गरगरणं यातलं काहीही झालं तर तिथेच बसवायचं आणि १०८ लावायचा. ‘वर पोचून बघू’ अजिबात नाही.

ओआरएस नेणार असाल तर २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट टाकलं की मीठ दुप्पट होतं, तहान वाढते आणि पोट बिघडतं. बाबांनी किती घ्यावं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

तुमचा क्रम असा ठेवा: येऊर किंवा पारसिक दोन फेऱ्या, धोदाणी, बदलापूर–कर्जत, मग कसारा. पुढच्या पायरीवर कधी जायचं? आधीच्या रस्त्याच्या शेवटच्या चढावर सगळ्यात कमी तयारीचा माणूस बोलत चढला की.

---

कोलशेतकर

कसाऱ्याचं पक्कं. एक शेवटचं. बाबांच्या सायकलची चेन पुढच्या २८ च्या चेनरिंगवर उतरतच नाही, ३८ वरच राहते. दुकानात न नेता होईल का?

---

गिअरमिस्त्री

होईल. मोठ्या चेनरिंगवर चेन केबल ओढून जाते, पण लहानवर फक्त डिरेलरच्या स्प्रिंगच्या जोराने येते. पावसाळ्यात केबल आतून गंजली की स्प्रिंगला ती ढकलता येत नाही. म्हणून स्क्रू फिरवायच्या आधी केबल बघा.

पुढे लहान गिअर लावून ठेवा आणि फ्रेमखालून जाणारी केबल बोटाने हलवा. घट्ट ताणलेली लागली तर ती अडकली आहे. क्रँकच्या खाली एक प्लॅस्टिकचा मार्गदर्शक तुकडा असतो, तिथे चिखल साचतो. ब्रशने साफ करा, थेंबभर तेल. तरी घासत असेल तर आतली तार आणि बाहेरची नळी दोन्ही बदला. नुसती तार बदलून उपयोग नाही, गंज नळीत असतो.

केबल मोकळी असूनही चेन उतरत नसेल तर डिरेलरवरचा ‘एल’ लिहिलेला स्क्रू. मागे सगळ्यात मोठं चक्र लावा, ‘एल’ पाव फेरी डावीकडे सोडा, पायडल फिरवून बघा, पुन्हा पाव फेरी. पिंजऱ्याची आतली पट्टी आणि चेन यांच्यात अर्धा मिलिमीटर जागा राहिली की थांबा. त्यापेक्षा जास्त सोडलात तर चेन आत फ्रेमवर पडेल, मग तोच स्क्रू उजवीकडे आवळायचा. येऊरला नेण्याआधी घराखालच्या उतारावर पाय हलका ठेवून पाच-सहा वेळा ३८ वरून २८ वर आणि परत असं करून घ्या.